विश्लेषण : बेट लहान, मग तीन आठवडे कशाला? टास्मानियातील कॅराव्हॅन सहलीच्या दिवसांचे गणित

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात खाली कोपऱ्यात दिसणारे टास्मानिया बेट कॅराव्हॅन घेऊन फिरणाऱ्यांचे जुने आवडते ठिकाण आहे. मेलबर्न आणि परिसरात स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबेही गाडीमागे फिरते घर जोडून तिकडे जाण्याचे बेत आखतात. बेत आखताना पहिला वाद होतो तो दिवसांवरून. एक आठवडा पुरेल, असे एक जण म्हणतो. महिनाही कमी पडेल, असे दुसरा सांगतो. हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. त्यात वर्षभराची रजा, बोटीचे मोठे भाडे आणि रस्त्यावरची सुरक्षितता गुंतलेली आहे. त्यामुळे ‘किती दिवस’ हा प्रश्न ‘काय काय पाहायचे’ याच्या आधी सोडवायला हवा.

नकाशा कसा फसवतो?

टास्मानियाचे क्षेत्रफळ सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे श्रीलंकेपेक्षा किंचित मोठे आणि महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक. लोकसंख्या सहा लाखांच्याही आत. अवाढव्य ऑस्ट्रेलियाशेजारी ते इवलेसे दिसते आणि इथेच पहिली चूक होते. देव्हाऱ्याशेजारी निरांजन लहान दिसते, पण त्याची वातही वेळ घेऊनच जळते, तसे या बेटाचे आहे.

डेव्हनपोर्ट बंदरात उतरायचे, तिथून क्रेडल माउंटन, पश्चिम किनाऱ्यावरचे स्ट्रॉन, राजधानी होबार्ट, पोर्ट आर्थर, पूर्वेकडचे फ्रेसिने आणि सेंट हेलेन्स, मग लॉन्सेस्टनवरून पुन्हा डेव्हनपोर्ट. ही प्रचलित प्रदक्षिणा साधारण १२०० किलोमीटरची भरते. समृद्धी महामार्गाने मुंबईहून नागपूरला जाऊन परत येण्यापेक्षा हे अंतर कमी आहे. त्यामुळे आठ दिवसांत, रोज दीडशे किलोमीटर चालवून हे सहज होईल, असा हिशेब मांडला जातो. कागदावर तो बरोबरही दिसतो.

पण टास्मानियातील रस्ते समृद्धी महामार्ग नाहीत. बेटाचा जवळपास पाव भाग १९८२ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या रानप्रदेशाने व्यापला आहे. नैर्ऋत्येचा मोठा पट्टा तर जवळजवळ रस्त्यांविनाच आहे. होबार्टला पश्चिमेकडच्या क्वीन्सटाउनशी जोडणारा लायल महामार्ग १९३२ मध्ये खुला झाला. क्वीन्सटाउनमध्ये उतरणाऱ्या त्याच्या घाटाची ओळखच ‘नव्व्याण्णव वळणे’ अशी आहे. होबार्ट ते स्ट्रॉन हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर, पण साध्या मोटारीलाही साडेचार तास लागतात. मागे दोन टनांचे घर जोडलेले असेल, तर त्याहून अधिक. पूर्वेकडच्या एलिफंट पाससारख्या घाटात तर वळणे इतकी आखूड आहेत, की लांब कॅराव्हॅनवाले किनाऱ्याची वाट धरणेच पसंत करतात.

कॅराव्हॅनमुळे दिवस कसा आखडतो?

बोलीत सगळ्याच फिरत्या घरांना कॅराव्हॅन म्हटले जाते. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये आणलेल्या धोरणाला ‘कॅराव्हॅन पर्यटन’ असेच नाव दिले. ऑस्ट्रेलियात मात्र मोटारीमागे ओढायची ती कॅराव्हॅन आणि इंजिनासकट एकच वाहन असेल तर कॅम्परव्हॅन किंवा मोटरहोम. दिवसांचा हिशेब करताना हा फरक कळीचा ठरतो.

ओढायच्या कॅराव्हॅनचा मुक्काम हलवायचा म्हणजे खरोखरच घर हलवायचे. आतली भांडी आवरायची, गॅस बंद करायचा, वीज आणि पाण्याचे नळ सोडायचे, सांडपाणी टाकायचे, पाय वर घ्यायचे, गाडी जोडायची, दिवे तपासायचे. पुढच्या ठिकाणी हेच सारे उलट क्रमाने. बहुतेक कॅराव्हॅन पार्कमध्ये सकाळी दहाच्या सुमारास जागा सोडावी लागते आणि नवी जागा दुपारी मिळते. म्हणजे शंभर किलोमीटर जायचे असो वा अडीचशे, मुक्काम हलवण्याच्या दिवशी हाती उरते ती जेमतेम संध्याकाळ. घर लावून झाल्यावर मात्र मोटार मोकळी होते आणि आसपास हवे तसे फिरता येते. कॅराव्हॅनचा खरा फायदा हाच आहे. रोज मुक्काम हलवणारा तो फायदा स्वतःहून सोडून देतो.

आणखी एक बाब आई-वडिलांना सोबत नेणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलियात धावत्या कॅराव्हॅनमध्ये कोणालाही बसता येत नाही. सर्वांनी पट्टा बांधून मोटारीतच बसायचे. गुडघे दुखत असतील म्हणून आजींनी मागे आडवे व्हावे, ही सोय इथे नाही. तीन पिढ्या सोबत असतील, तर एका दिवसात किती तास गाडीत बसता येईल हे ज्येष्ठांच्या तब्येतीवरून ठरते. गाडी चालवणाऱ्याचा उत्साह इथे कामाचा नाही.

बोटीचे भाडे दिवस का वाढवायला लावते?

मुख्य भूमीवरून कॅराव्हॅन न्यायची, तर बास सामुद्रधुनी ओलांडावी लागते. ‘स्पिरिट ऑफ टास्मानिया’ ही बोटसेवा पूर्वी मेलबर्नहून सुटत असे. ऑक्टोबर २०२२ पासून ती जिलाँगहून सुटते. डेव्हनपोर्टला पोहोचायला साधारण ९ ते ११ तास लागतात. वाहनाचे भाडे लांबीनुसार आकारले जाते. त्यामुळे मोटार अधिक कॅराव्हॅन ही जोडी बोटीवर महाग पडते. केबिन घेतली तर तिचे वेगळे.

हा खर्च एकदाचा आहे. बेटावर सात दिवस राहा किंवा सत्तावीस, जाण्यायेण्याचे भाडे तेच. आठ दिवसांच्या सहलीत त्याचा आठवा हिस्सा प्रत्येक दिवसावर पडतो, चोवीस दिवसांच्या सहलीत चोविसावा. म्हणजे रोजचा बोजा एकतृतीयांशावर येतो. राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशाचेही तसेच आहे. एका वाहनाचा ‘हॉलिडे पास’ दोन महिन्यांपर्यंत चालतो. आठवड्यात परतणारा त्याचा बहुतांश भाग न वापरताच परत नेतो.

दिवसांच्या हिशेबात बोटीचे दोन टोकांचे दिवसही धरावे लागतात. रात्रीची बोट घेतली तर एक दिवस वाचतो, पण समुद्र खवळलेला असेल तर झोपेचे खोबरे होते. अशा सकाळी उतरून लगेच घाटाकडे निघणे शहाणपणाचे नाही. शिवाय ताजी फळे, भाज्या, रोपे बेटावर नेण्यास मनाई आहे. बेटावरची शेती कीड-रोगांपासून वाचवण्यासाठी हे नियम कडक आहेत आणि बंदरावर तपासणी होते. घरून नेलेली मिरची-आल्याची पिशवी तिथेच टाकावी लागते. पहिल्या दिवसाची सकाळ बाजारहाटातच जाते. डेव्हनपोर्टमध्येच भाजी घ्यावी आणि पहिला मुक्काम जवळ ठेवावा, हे उत्तम.

हवामानासाठी दिवस राखून ठेवावे लागतात का?

पश्चिमेकडे हमखास. टास्मानियाच्या दोन बाजूंचे हवामान कोकण आणि देशासारखे भिन्न आहे. पश्चिमेचे ओले वारे डोंगरांना अडतात आणि तिकडेच पाऊस रिता करतात. क्वीन्सटाउनला वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगरांपलीकडच्या होबार्टला जेमतेम ६०० मिलिमीटर. ऑस्ट्रेलियाच्या राज्य राजधान्यांत ॲडलेडनंतर होबार्टच सर्वांत कोरडे.

क्रेडल माउंटनला दहापैकी सात दिवस पाऊस असतो, असा ठोकताळा तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला जातो. डव्ह तलावाभोवतीची सहा किलोमीटरची पायवाट दोन-तीन तासांत होते. म्हणून अनेक जण तिथे एकच रात्र ठेवतात. पण ढग खाली उतरले, तर समोरचा डोंगरही दिसत नाही. त्यातच तलावापर्यंत खासगी गाडी हवी तेव्हा नेता येत नाही. कॅराव्हॅन तर नाहीच. अभ्यागत केंद्रापासून सुटणाऱ्या बसने जावे लागते. एक रात्र ठेवणाऱ्याला एकच संधी मिळते, तीन रात्री ठेवणाऱ्याला दोन पूर्ण दिवस मिळतात. पश्चिमेकडे दिवस वाढवण्याचे कारण ठिकाणांची संख्या नाही, पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा हे आहे. स्ट्रॉनहून गॉर्डन नदीत जाणारी बोटसफर अर्धाअधिक दिवस घेते, तिथेही हाच न्याय लागू.

पूर्व किनाऱ्यावर हवा तुलनेने भरवशाची. तिथे वेळ हवा तो वेगळ्या कारणाने. फ्रेसिने उद्यानातील वाइनग्लास बेचा माथ्यावरून दिसणारा देखावा दीड तासात पाहून परतता येते. पण खाली उतरून त्या वाळूत बसायचे, तर दिवस द्यावा लागतो. मरिया बेटावर मोटारी नाहीत. ट्रायाबन्नाहून बोटीने जायचे, चालायचे, वॉम्बॅट पाहायचे आणि संध्याकाळच्या बोटीने परतायचे. अशा जागा ‘जाता जाता’ होत नाहीत.

घाईची किंमत कोण मोजते?

कमी दिवसांत जास्त अंतर कापायचे ठरले, की प्रवास संध्याकाळकडे सरकतो. टास्मानियात धोका तेव्हाच वाढतो. वॉलबी, पॉसम, वॉम्बॅट हे प्राणी सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत रस्त्यावर येतात. तिथल्या रस्त्यांच्या कडेला पडलेली मेलेली जनावरे पाहून नवखा प्रवासी हबकतो. मागे अवजड कॅराव्हॅन असताना अचानक ब्रेक लावणे किंवा गाडी वळवणे जिवावर बेतू शकते. अंधारात मोटार चालवू नका, हा सल्ला तिथे सर्रास दिला जातो आणि तो पाळण्यासारखा आहे.

किंमत प्राण्यांनाही मोजावी लागते. टास्मानियन डेव्हिल हा मांसाहारी प्राणी रस्त्यावरचे मृत प्राणी खायला येतो आणि स्वतःच गाडीखाली सापडतो. चेहऱ्यावर गाठी येणाऱ्या, १९९६ मध्ये प्रथम आढळलेल्या संसर्गजन्य कर्करोगाने या प्राण्याची संख्या आधीच प्रचंड घटवली आहे. त्यात वाहनांची भर. बेटावर जाऊन डेव्हिल पाहायचा आणि वेळापत्रक गाठण्यासाठी संध्याकाळी सुसाट निघायचे, यात विसंगती आहे.

उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, होबार्टला रात्री पावणेनऊच्या आसपास सूर्य मावळतो. तेव्हा चूक झाली तरी सावरायला उजेड असतो. जूनमध्ये पाचच्या आतच अंधारते. त्यामुळे हिवाळ्यात त्याच मार्गाला उन्हाळ्यापेक्षा अधिक दिवस धरायला हवेत. सुट्टी जुळते म्हणून जूनच्या शेवटी निघणारे बहुधा याच्या उलट करतात.

रजाच नसेल तर?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ नोकरदाराला वर्षाला चार आठवड्यांची भरपगारी रजा असते. मराठी कुटुंबांच्या बाबतीत तिच्यावर आधीच एक हक्क असतो, तो म्हणजे भारतात घरी जाण्याचा. लग्न, मुंज, आई-वडिलांची शस्त्रक्रिया यांत ती संपते. निवृत्त जोडप्यांनी दिलेला ‘सहा आठवडे तरी काढाच’ हा सल्ला अशा घरात हास्यास्पद ठरतो. शाळकरी मुले असतील तर व्हिक्टोरिया राज्यात सत्रांमधल्या सुट्ट्या दोन-दोन आठवड्यांच्या. मोठी सुट्टी फक्त उन्हाळ्यात, आणि तेव्हाच बोटी व कॅराव्हॅन पार्क महिनोन्महिने आधी भरतात.

पण या अडचणीचे उत्तर पूर्ण प्रदक्षिणा दहा दिवसांत कोंबणे हे नाही. प्रदक्षिणेचा हट्ट सोडणे हे आहे. बेट असले की त्याला पूर्ण फेरी मारलीच पाहिजे, ही भावना प्रबळ असते. फेरी अर्धी राहिली तर सहल अपुरी राहिली असे वाटते. प्रत्यक्षात आठ दिवसांत आठ ठिकाणी मुक्काम करणाऱ्याच्या हाती काय लागते? प्रत्येक ठिकाणची एक संध्याकाळ आणि एक आवराआवर.

दोन आठवड्यांत काय नीट होते?

पूर्व अर्धा. लॉन्सेस्टन २ रात्री, सेंट हेलेन्स आणि बे ऑफ फायर्स ३, फ्रेसिने ३, पोर्ट आर्थर २, होबार्ट ३ आणि परतीच्या बोटीआधी डेव्हनपोर्टजवळ १. एकूण १४ रात्री. दोन आठवड्यांच्या शालेय सुट्टीला दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार जोडले आणि दोन्ही वेळा रात्रीची बोट घेतली, तर हे बसते. होबार्टच्या तीन रात्रींत एक शनिवार यावा, एवढे पाहावे, कारण सलामांका बाजार शनिवारीच भरतो. या आराखड्यात मोठे घाट कमी आणि हवा बरी. लहान मुले किंवा ज्येष्ठ सोबत असतील, तर हाच पर्याय.

पूर्ण फेरीला किती?

किमान तीन आठवडे. क्रेडल ३, स्ट्रॉन ३, वाटेत सेंट क्लेअर तलावाजवळ १, होबार्ट ४, पोर्ट आर्थर २, फ्रेसिने ३, सेंट हेलेन्स ३, लॉन्सेस्टन २. एकूण २१ रात्री. यात वायव्येचे स्टॅन्ली गाव नाही, ब्रूनी बेटावरचा मुक्काम नाही. ती हवी असतील तर चौथा आठवडा उघडावा लागतो. एप्रिलअखेर पश्चिमेच्या डोंगरांवर ‘फॅगस’ची झाडे सोनेरी-तांबूस होतात. मुलांच्या शाळेचे बंधन नसलेल्यांनी तो काळ निवडला, तर गर्दीही कमी मिळते.

दहा दिवसांहून कमी असतील तर?

कॅराव्हॅन घरीच ठेवावी. मेलबर्नहून होबार्ट विमानाने सव्वा तासाचे. तिथे मोटार भाड्याने घ्यावी आणि एक-दोन ठिकाणीच मुक्काम करावा. फिरत्या घराची हौसच असेल, तर ओढायच्या कॅराव्हॅनऐवजी बेटावरच कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यावी. बोटीचे भाडे आणि जोडा-सोडीचा वेळ दोन्ही वाचतात. भारतातून थेट येणाऱ्यांसाठीही हाच मार्ग रास्त. होबार्टला भारतातून थेट विमान नाही, त्यामुळे जाण्यायेण्यातच दोन-तीन दिवस जातात. तेही हिशेबात धरावेत. वाहन डावीकडून चालवायचे असल्याने सवयीचा प्रश्न मात्र येत नाही.

अर्धे बेट आता, अर्धे पुढे, हा सल्ला खर्चिक नाही का?

आहे. दुसऱ्या खेपेला बोटीचे भाडे पुन्हा भरावे लागते. त्यामुळे पुन्हा येण्याची शक्यता खरोखरच नसेल, तर एखादे वर्ष थांबून, रजा साठवून, एकदाच तीन आठवड्यांसाठी जाणे अधिक किफायतशीर. पण ‘पुन्हा कुठे येणार’ या धास्तीने दहा दिवसांत सगळे उरकणे हा या तिन्हींतला सर्वांत महागडा पर्याय ठरतो. भाडे पूर्ण भरले जाते आणि बेट मात्र काचेतूनच दिसते.

दिवस ठरवण्याची सोपी कसोटी अशी. पाहायची ठिकाणे आधी मोजू नयेत. हातात किती रात्री आहेत त्या मोजाव्यात, बोटीच्या आणि परतीआधीच्या रात्री वजा कराव्यात आणि उरलेल्या संख्येला तीनने भागावे. जे उत्तर येईल तितकीच ठिकाणे. बारा रात्री उरल्या तर चार, एकवीस उरल्या तर सात. एखाद्या ठिकाणी दोन रात्रींत भागले, तर वाचलेली रात्र पावसासाठी राखून ठेवावी. उरलेल्या नावांवर काट मारणे जिवावर येते हे खरे. पण ती काट घरी बसून मारलेली बरी. नाहीतर तीच काट रस्त्यात थकवा, पाऊस किंवा अंधार मारतो, आणि कोणते ठिकाण गाळायचे हे तेव्हा आपल्या हाती राहत नाही.